दीड महिन्याचं खोटं खाजवणं

मी हट्टी नाही. मी फक्त बरोबर असतो. आता सतत बरोबर असणाऱ्या माणसाला लोक हट्टी म्हणतात, त्याला मी काय करणार? चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात मी, बाळा घाडी, बावीस वर्षं काम करतोय. त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. एवढ्या वर्षांत ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द माझ्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. गरजच पडली नाही!

म्हणूनच बोरिवलीच्या त्या डॉक्टरीणबाईंना खोटं पाडायचं, तेही पुराव्यासकट, असं मी ठरवलं तेव्हा माझ्या मनात जराही शंका नव्हती.

झालं असं, की मला एक्झिमा आहे. म्हणजे होता. थांबा, घाई नको, सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे आणि मानेवर. कातडी लाल, खरखरीत, आणि खाज अशी की बोलता सोय नाही! एकदा मोठ्या पार्टीसमोर नव्या खोक्याचं सँपल दाखवता दाखवता मी त्याच खोक्याच्या कडेने मान खाजवली. पार्टी म्हणाली, “कडा चांगल्या धारदार आहेत.”

तर फेब्रुवारीत माझी बायको अबोली मला डॉ. जेनेव्हिव्ह परेरांकडे घेऊन गेली. त्वचेच्या डॉक्टर. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी भिंग लावून कोपर बघितलं, मान बघितली, मलम लिहून दिलं आणि मग गोड आवाजात म्हणाल्या, “त्या काट्यावर उभे राहा बघू.”

सत्त्याण्णव किलो!

“घाडी, थोडं वजन उतरवा,” त्या म्हणाल्या. “खाजेला फरक पडू शकतो.”

माझं टाळकंच सरकलं! दातांच्या डॉक्टरकडे गेलो, वजन कमी करा. चष्म्याचा नंबर काढायला गेलो, वजन कमी करा. कानात मळ झाला, तरी वजन! उद्या माझा मोबाइल हँग झाला तर दुकानदार म्हणेल, “साहेब, मोबाइल ठीक आहे, तुम्ही वजन कमी करा!”

“डॉक्टर,” मी म्हणालो, “खाज कातडीला आहे. पोटाला नाही. माझं पोट बिचारं गप बसलेलं आहे. त्याला का मध्ये ओढताय?”

“गप बसलेलं नसतं ना ते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “चरबी नुसती साठून राहत नाही. शरीरात सूज वाढवणारी द्रव्यं सोडत असते. वजन जास्त असलेल्या मोठ्या माणसांत एक्झिमा जास्त दिसतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. सगळ्यांनाच होतो असं नाही. वजन उतरवल्यावर जाईलच अशी गॅरंटीही नाही. पण पाच-सहा किलो कमी करून बघायला काय हरकत आहे?”

“गॅरंटी नाही ना? मग ऐका! तीन महिन्यांत मी वजन उतरवून दाखवतो. आणि खाज इथेच असेल. अशीच्या अशी! मग तुम्हाला मानावं लागेल.”

अबोलीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. डॉक्टर हसल्या. “चालेल. वजन तर उतरेल,” म्हणाल्या. “आणि हो, कडक पाण्याने आंघोळ बंद. कोमट पाणी घ्या.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अख्ख्या कारखान्याला ही हकिकत ऐकवली. उभा राहून! अँथनी सगळ्यात पुढे बसला होता. अँथनी म्हणजे आमच्या कटिंग मशीनवरचा माझा जुना दोस्त, चारकोप गावातच पिढ्यानपिढ्या राहणारा. त्याने डब्यातून मान वर काढून विचारलं, “आणि खाज गेली तर, मॅन?”

“तर ह्या इथे उभा राहून बोलेन, माझं चुकलं!”

कारखान्यात टाळ्या पडल्या. लोकांना हा दिवस बघायचाच होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण कामाला लागलो की मी लागतो. सकाळी सेक्टर आठ ते खाडीकडचा रस्ता आणि परत, चालणं सुरू. भात अर्धा. संध्याकाळचे वडे बंद. सगळ्यात मोठी लढाई आईशी झाली. माझी आई, शेवंती घाडी, मालवणहून मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली, पण तिची बोली अजून मालवणातून हललेलीच नाही.

“रे झिला, माज्या हातच्या जेवणाक काय झाला?” तिने ताटातला भात बघून विचारलं. “इतको भात तर आमचो कावळो खाता!”

“आई, डॉक्टरना खोटं पाडायचंय.”

“मगे पोटभर जेवान पाड मरे!”

पहिला महिना झकास गेला. वजन चौऱ्याण्णव, खाज तशीच! मी कारखान्यात मान वर करून खाजवत फिरायचो. अँथनीसमोर जरा जास्तच. मलम लावत होतो, हो, कारण उद्या कोणी म्हणायला नको की उपचार केले नाहीत म्हणून खाज राहिली. मी सगळ्या वाटा बंद करून ठेवल्या होत्या!

आणि मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घात झाला.

सकाळी चहा घेत बसलो होतो. सवयीने हात कोपराकडे गेला. बोटं तिथे पोचली आणि थबकली. करायला कामच नव्हतं! कातडी मऊ. लाली गायब. मी घाईघाईने गुडघ्यामागे हात घातला. तिथेही शुकशुकाट! मान? मान तर अशी गुळगुळीत, की जशी नुकतीच दुकानातून आणली!

काट्यावर उभा राहिलो. एक्क्याण्णव.

मला किती संताप आला म्हणून सांगू! नऊ वर्षं जिने मला लग्नाकार्यात, मीटिंगमध्ये, देवळात, कुठेही सुखाने बसू दिलं नाही, ती खाज नेमकी आत्ता गेली! जिची मला आयुष्यात पहिल्यांदा गरज होती तेव्हा! एवढा विश्वासघात तर आमच्या माणगावच्या चुलत्यांनीही केला नाही!

आता तुम्ही म्हणाल, मग कबूल करून टाकायचं. तुम्हाला म्हणायला काय जातंय? टाळ्या तुम्हाला पडल्या नव्हत्या! मी विचार केला, असेल तात्पुरतं. येईल परत. तोपर्यंत कोणाला कळायला नको. तीन महिने पूर्ण होईपर्यंत जरा खाजवत राहायचं, बस्स.

खोटं खाजवणं किती अवघड असतं ह्याची तुम्हाला कल्पना नाही. खरी खाज स्वतःच आठवण करून देते. खोटी लक्षात ठेवावी लागते! मी तासाला दोनदा असा हिशेब ठेवला. कामाच्या गडबडीत तास चुकायचा, मग एकदम चार वेळा खाजवून बाकी भरून काढायचो. त्यात जागा विसरायचो. कोपर सोडून कधी पोट, कधी दंड, एकदा तर कपाळ! आणि साफ झालेली कातडी कोणी बघू नये म्हणून मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. मे महिन्यात! कॉलरचं वरचं बटण लावून!

इथपर्यंत सगळं माझ्या ताब्यात होतं. पण घरात काहीतरी बिघडायला लागलं होतं.

अबोली गप झाली. भांडण बंद! एका रविवारी मी म्हणालो, “आज पापलेट नको, सुरमई आण,” तर ती म्हणाली, “तुमचं बरोबर आहे.” एकवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मला वाटलं, चला, हिलाही अखेर पटलं. मी आनंदाने कपाळ खाजवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

कारखान्यातही तेच. मॅनेजर म्हणाले, “घाडी, खुर्ची घ्या, उभं नका राहू.” पॅकिंगमधल्या बायका दोन केळी ठेवून जायच्या. अँथनीची बायको आयडा रोज माझ्यासाठी चिकन सूप पाठवायची. मी ते सूप अँथनीला परत करायचो तर तो माझ्याकडे न बघता म्हणायचा, “पी रे, बाळा. पी, मॅन.”

मला अर्थातच कळून चुकलं. ह्यांना पत्ता लागलाय! माझी खाज गेल्याचं सगळ्यांना कळलंय आणि हे लोक माझी कीव करतायत! हरलेल्या माणसाला सूप पाजतायत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी एका शुक्रवारी अँथनीने मला मशीनच्या मागे ओढलं. त्याचे डोळे लाल होते.

“बाळा, खरं सांग. तुला माहीत आहे ना?”

मी मान खाली घातली. “हो. महिना उलटून गेला.”

“महिना! आणि तू एकट्याने हे पोटात ठेवलंस?”

“मग काय करू? कोणत्या तोंडाने सांगू घरी?”

“अबोलीला समजलंय रे सगळं. आयडाकडे येऊन रडते रोज.”

मी चाटच पडलो. “रडते? एवढ्याशा गोष्टीसाठी?”

“एवढीशी गोष्ट!” अँथनीने माझा खांदा घट्ट धरला. “सलाम तुझ्या हिमतीला, मॅन! आणि... विचारू नये, पण... किती दिवस राहिलेत?”

मी मनात तारीख मोजली. डॉक्टरांना दिलेली तीन महिन्यांची मुदत पुढच्या बुधवारनंतरच्या बुधवारी संपत होती.

“बारा,” मी म्हणालो.

अँथनी मटकन पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला. “बारा दिवस! जीझस!”

“घाबरू नकोस,” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “बारा दिवस असंच खाजवत काढतो. मग एकदाचं सगळं संपेल.”

तो हमसून रडायला लागला. मला त्याचा रागच आला. माझी पैज, माझी हार, आणि हा रडतोय!

रविवारी सकाळी मी चालून घरी आलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत पाय ठेवला आणि जागीच थांबलो. मानखुर्दची मालनमावशी सहकुटुंब हजर. शेजारचे चार जण. अँथनी, आयडा. कारखान्यातले तिघे. मध्ये पाटावर नारळ, आणि पाटासमोर डोक्यावर पदर घेऊन माझी आई. मला कोणीतरी धरून तिच्या शेजारी बसवलं, अगदी हळू, काचेचं सामान ठेवतात तसं. आईने हात जोडले आणि आमच्या कोकणात घालतात तसं देवाला खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं,

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. सगळ्यात मोठा आवाज अँथनीचा!

“आज ह्या तुज्या लेकराक जो काय वायट आजार झालो हा...”

“व्हय म्हाराजा!”

“जी काय अंगाक खाज सुटली हा, जा काय सोन्यासारख्या अंग झडत चल्ला हा...”

“व्हय म्हाराजा!”

“ता बारा वाटेन घालव, आणि ह्येचा वजान होता तितक्या परत कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हारा...”

“अजिबात नको!” मी किंचाळलो. तीन महिने अर्ध्या भातावर काढून उतरवलेलं वजन ही बाई एका नारळात परत मागत होती! “कसला आजार? कोणाला आजार झालाय?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालनमावशी पदराने डोळे पुसत पुटपुटली, “शेवटाक असाच बोलतत.”

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. केळी. सूप. बारा दिवस!

मी अबोलीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. महिनाभरात तिचंही वजन चार किलो तरी उतरलं असेल, आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, “मी मोबाइलवर वाचलं. अंगभर खाज येते आणि माणूस वाळत जातो... काय काय लिहिलं होतं त्यात. तुम्ही हात झाकून फिरत होता. मला वाटलं, तुम्ही आमच्यापासून लपवताय.”

लपवत होतोच की! मी ताडकन उठलो आणि दोन्ही बाह्या वर केल्या. “हे बघा! काहीही नाही! साफ!”

अबोली पुढे आली. तिने माझ्या कोपराच्या खळग्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, आणि मग दुसऱ्या हाताच्या.

“देवान गाऱ्हाना ऐकल्यान!” मालनमावशी कडाडली. “नारळ फुटाच्या आधी!”

“एक मिनिट, मावशी,” आयडा पर्समधून छोटी बाटली काढत पुढे आली. “मी काल त्यांच्या सुपात चर्चचं पवित्र पाणी घातलं होतं.”

“सुपान खाज जाता? आमच्या म्हाराजान घालवली ती!”

“मी नऊ दिवस मेणबत्ती लावलीय!”

“मगे आमचो नारळ काय फुकट?”

मी मध्ये उभा, बाह्या वर, आणि माझ्या कातडीचं श्रेय दोन्ही बाजूंनी ओढून नेलं जात होतं! रोज पाच किलोमीटर चाललं कोण? मी! वड्यांच्या गाडीसमोरून श्वास रोखून गेलं कोण? मी! आणि नाव सुपाचं? माझा तोल गेला.

“गप बसा सगळे!” मी ओरडलो. “नारळाने नाही आणि सुपाने नाही! वजन उतरवल्यामुळे गेलीय खाज! चरबी गप बसून नसते, सूज वाढवणारी द्रव्यं सोडत असते! मोठ्या माणसांच्या वजनाचा आणि एक्झिमाचा संबंध आहे! बऱ्याच अभ्यासांत आढळलंय! त्या डॉक्टरीणबाईंचं शंभर टक्के खरं होतं आणि माझं चुकलं!”

शेवटचे दोन शब्द घरभर घुमले. कारखान्यातल्या तिघांपैकी एकाने मोबाइल काढून सगळं रेकॉर्ड केलं होतं, हे मला सोमवारी कळलं.

मालनमावशी आणि आयडा भांडण विसरून माझ्याकडे बघत होत्या. फक्त अबोलीच्या चेहऱ्यावर हिशेब चालला होता. तिने अगदी थंड आवाजात विचारलं, “कधी गेली खाज?”

“झाला... साधारण... दीड महिना.”

“आणि खाजवत होता ते?”

मी नारळाकडे बघितलं. नारळ काही बोलला नाही.

“दीड महिना मी कोणासाठी रडले?” ती म्हणाली. “पैजेसाठी?” आणि तिने पाटावरचा नारळ असा उचलला की अँथनी दोन पावलं मागे सरला. पण तिने तो उंबऱ्यावर फोडला. एका फटक्यात! मग सगळ्यांना खोबरं वाटलं. मला सोडून.

दुसऱ्या दिवशी तीच मला डॉ. परेरांकडे घेऊन गेली. वजन एकोणनव्वद. डॉक्टरांनी भिंग लावलं, कोपर बघितलं, मान बघितली. “वा! छानच!” म्हणाल्या.

मी छाती पुढे काढली. म्हटलं, हरलो तर हरलो, निदान मोठ्या मनाने हरू. “डॉक्टर, मी चौदा माणसांसमोर कबूल केलंय. वजनामुळेच गेली. तुम्ही जिंकलात!”

“वजनाचा वाटा असेल नक्की,” त्या म्हणाल्या. “पण मलमही रोज लावलंत ना? कोमट पाण्याने आंघोळ केलीत? मग नेमकं कशाने किती, ते तुमच्या एकट्याच्या बाबतीत सांगणं कठीण आहे. थोडं थोडं सगळ्यानेच, म्हणू या.”

“म्हणू या?” मी खुर्चीतून उठलो. “म्हणू या! मी बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो म्हणालो आणि तुम्ही सांगताय, नक्की माहीत नाही? नाही, डॉक्टर! वजनानेच गेलीय! लिहून द्या तसं!”

“बसा,” अबोली म्हणाली. मी बसलो.

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी फक्त आईमार्फत बोलली, आणि आई ते सगळं मालवणीत वाढवून सांगायची. मग हळूहळू निवळलं. आता सकाळी ती माझ्याबरोबर चालायला येते. माझ्यापेक्षा दहा पावलं पुढे असते, पण येते.

तरी एक अन्याय अजून चालूच आहे. परवा संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. खाडीकडून वारा, आणि वाऱ्याबरोबर डास. एक डास बरोबर माझ्या पाठीच्या मध्यावर चावला, जिथे आपला हात पोचत नाही तिथे. खरा डास! खरी खाज! मी कळवळून हाक मारली, “अगं, जरा पाठ खाजव ना!”

आतून आईचा आणि अबोलीचा, दोघींचा एकदम आवाज आला,

“व्हय म्हाराजा!”

आणि कोणीही उठलं नाही.